आसनाचे गुण आणि योगाचे मोल



कामगार चळवळीतल्या माणसाने योगासनांवर बोलायला उभे राहावे, ह्याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी योगी नाही, वैद्य नाही, आणि शाळेची पायरीही फार वर चढलेलो नाही. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर, आणि सार्वजनिक वाचनालयाच्या कृपेने वाचले. पण माझे सारे आयुष्य एका प्रश्नाभोवती गेले आहे. माणूस अंग मोडून काही करतो, तेव्हा त्याचे माप कोणी घ्यायचे, कोणत्या मापाने घ्यायचे, आणि ते माप चुकले तर दाद कोठे मागायची? योगासनांची स्पर्धा हा ह्याच प्रश्नाचा एक नवा अवतार आहे. म्हणून चालकांनी विषय सुचवायला सांगितला तेव्हा मी हा सुचवला.

आणखी एक कारण आहे. आमच्या सभासदांपैकी कित्येकांची मुले आज ह्या स्पर्धांत उतरतात. पहिली पाळी करून आलेला बाप पोरीला मोटारसायकलवर बसवून वर्गाला नेतो, जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी पोषाख शिवून घेतो, प्रवासखर्चासाठी सोसायटीतून उचल काढतो. त्याच्या डोळ्यांपुढे पतंजली नसतात. मान्यता असलेल्या खेळाचे प्रमाणपत्र असते आणि सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के राखीव जागा असतात. ह्यात हसण्यासारखे काही नाही. गरिबाच्या घरात विद्या आणि भाकरी एकाच दाराने येतात. तेव्हा ह्या स्पर्धेत काय तोलले जाते, हे समजून घेणे त्या बापाच्या हिताचे आहे.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. २०१५ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारच्या क्रीडा खात्याने योगाला खेळ म्हणून मान्यता दिली. पुढल्याच वर्षी, २०१६ च्या डिसेंबरात, ती काढून घेतली. योगाला अनेक अंगे आहेत आणि त्यांतल्या सगळ्यांत काही स्पर्धा लावता येत नाही, असे कारण दिले गेले. मग २०२० च्या डिसेंबरात पुन्हा मान्यता आली. पण ह्या वेळी शब्द बदलला होता. मान्यता ‘योगा’ला नव्हती, ‘योगासना’ला होती. आम्ही कामगार लोक करारातल्या एकेका शब्दावर रात्री जागवतो. त्यामुळे ह्या तीन अक्षरांचे वजन मला चटकन जाणवले. त्या तीन अक्षरांत सरकारने कळत वा नकळत कबूल केले की, गुण द्यायचे ते आसनाला. योगाला गुण देण्याची ताकद कोणत्याही परीक्षकात नाही.

त्यानंतर गाडा वेगाने चालू लागला. २०२२ च्या जूनमध्ये हरियाणात झालेल्या खेलो इंडिया युवा खेळांत मल्लखांबाच्या जोडीने योगासने आली. त्याच वर्षी गुजरातेत राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत त्यांना प्रथमच स्थान मिळाले. २०२४ च्या सप्टेंबरात दिल्लीला आशियाई ऑलिंपिक परिषदेच्या सभेने २०२६ च्या ऐची-नागोया येथील आशियाई खेळांसाठी योगाला प्रदर्शनीय खेळ म्हणून मंजुरी दिली. सरकारने २०२० साली जाहीर केलेल्या योजनेत पारंपरिक योगासन, कलात्मक एकेरी, कलात्मक जोडी, तालबद्ध जोडी, समूह असे प्रकार होते आणि ५१ पदकांचा प्रस्ताव होता. जेथे ५१ पदके आली तेथे ५१ भांडणेही येणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

स्पर्धा प्रत्यक्षात चालते कशी? पारंपरिक प्रकारात स्पर्धकाला नेमून दिलेली आसने एकामागून एक करून दाखवावी लागतात, आणि प्रत्येक आसनात ठरावीक वेळ निश्चल राहावे लागते. कलात्मक प्रकारात संगीताच्या साथीवर आसनांची मालिका गुंफायची असते. त्यात पुढे वाकणे, मागे वाकणे, पीळ, पायावरचा तोल, हातावरचा तोल हे सारे यावे लागते. परीक्षकांची कामे वाटलेली असतात. आसन किती अवघड आहे हे एकाने पाहायचे, ते किती बिनचूक झाले हे दुसऱ्याने, वेळ तिसऱ्याने मोजायची. अंग कापले, पाऊल सरकले, गुडघा वाकला, वेळेआधी आसन सुटले, की गुण कापले जातात.

ह्या परीक्षेला जुना इतिहासही आहे. परमहंस योगानंदांचे धाकटे बंधू बिष्णुचरण घोष ह्यांनी १९२३ साली कलकत्त्यात व्यायामशाळा काढली आणि शरीरसौष्ठवाबरोबर आसनांनाही व्यासपीठावर आणले. त्यांच्या परंपरेतली स्पर्धा पुढे अमेरिकेपर्यंत पोहोचली. तिचा अनेक वर्षांचा नियम सुटसुटीत होता : तीन मिनिटांत सात आसने, त्यांपैकी पाच सर्वांना सारखी आणि दोन आपल्या आवडीची. त्या पाचांत दंडायमान-जानुशिरासन आहे. एका पायावर उभे राहायचे, दुसरा पाय समोर ताठ उचलून पाऊल दोन्ही हातांनी धरायचे आणि कपाळ गुडघ्याला लावायचे. प्रेक्षकांचे लक्ष त्या उचललेल्या पायाकडे असते. जाणता परीक्षक मात्र खालच्या पायाकडे पाहतो. उभ्या पायाचा गुडघा ढिला असेल तर वरची सारी शोभा फुकट. मला हे फार आवडले. इमारतीचे सज्जे पाहण्याआधी पाया पाहावा, असा तो न्याय आहे.

आता ह्यावर शास्त्री मंडळींचा आक्षेप असा की, ही मुळातच योगाची विटंबना आहे. आक्षेप पोकळ नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत आसनांवर अवघी तीन सूत्रे आहेत, आणि त्यांतल्या पहिल्यात आसन स्थिर असावे व सुखाचे असावे, एवढीच अपेक्षा आहे. हठप्रदीपिकेत पंधरा आसने सांगितली आहेत, घेरंडसंहितेत बत्तीस. शिवाय हठप्रदीपिका साधकाला बजावते की, ही विद्या गुप्त ठेवावी. झाकली तर तिचा प्रभाव राहतो, उघडी केली तर तो जातो. जी विद्या झाकायची ती झगझगीत दिव्यांखाली, ध्वनिक्षेपकाच्या गजरात मांडली, तर जुन्या माणसांना वाईट वाटणारच.

पण मी आपल्याला एक साधी गोष्ट विचारतो. आपल्या गावोगाव भजनस्पर्धा होतात की नाही? १९५३ साली स्थापन झालेले कामगार कल्याण मंडळ कामगारांच्या भजनस्पर्धा भरवीत आले आहे. तेथे परीक्षक बसतात, गुण देतात, ढाल मिळते. कोणी असे म्हणते का, की पहिल्या आलेल्या मंडळावर विठ्ठल अधिक प्रसन्न आहे? परीक्षक सूर पाहतो, ताल पाहतो, पाठांतर आणि उच्चार पाहतो. भक्तीला तो हात लावीत नाही, आणि लावावा अशी कोणाची अपेक्षाही नाही. उलट स्पर्धेच्या निमित्ताने कितीतरी चाळींतल्या पोरांनी पखवाज हाती घेतला. आसनांच्या स्पर्धेनेही एवढेच म्हणावे : आम्ही देहाच्या कौशल्याला गुण देतो, पुढचा प्रांत आमचा नव्हे. मग भांडण उरत नाही.

आणि माप घेणे म्हणजे पाप, असेही कोणी समजू नये. आपल्या महाराष्ट्रातच त्याचे मोठे उदाहरण आहे. स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, ह्यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि ‘योग-मीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. व्यायामाचे धडे त्यांनी बडोद्याला माणिकरावांकडे घेतले होते, आणि योगाचे मालसरच्या माधवदासजींकडे. ह्या माणसाने क्ष-किरणांचे यंत्र आणि दाब मोजणारी नळी घेऊन उड्डियान व नौली ह्या क्रिया तपासल्या. पोटाच्या आत दाब किती उतरतो हे आकड्यांत मांडले. योगाला मापाचे वावडे असते तर लोणावळ्याची ती प्रयोगशाळा उभीच राहिली नसती. पण तेथल्या मापाचा हेतू काय होता, तो ध्यानात घ्या. ह्या क्रियेने देहाचे काय होते, हे जाणण्यासाठी ते माप होते. रामा श्रेष्ठ की गोविंदा, हे ठरवण्यासाठी नव्हते.

येथे मी माझ्या घरच्या विषयावर येतो. कारखान्यात नगावारी मजुरी आम्ही पाहिली आहे. माझे वडील मुंबईच्या गिरणीत साचेखात्यात होते, मी इंजिनिअरिंगच्या कारखान्यात लागलो. दोन्ही ठिकाणी नियम एकच. ज्याचा दर लावाल तेच पिकते. नगांच्या संख्येवर पैसे लावा, संख्या वाढते आणि बोटे तुटतात. मालाच्या सफाईवर पैसे लावा, सफाई येते. कामगार लबाड असतो म्हणून हे होत नाही. त्याच्या घरी खाणारी तोंडे असतात म्हणून होते. घड्याळ घेऊन यंत्राशेजारी उभा राहणारा साहेब आपल्याला वाटते की केवळ मोजतो आहे. खरे म्हणजे तो उद्याचे काम घडवीत असतो.

गुणपत्रकाचे तसेच आहे. गुणपत्रक हे दरपत्रक आहे. त्यात अवघडपणाला जास्त दर लावला, तर वर्गावर्गांत अवघड आसनांचे पीक येईल. पाठ किती मागे वाकली ह्याला दर लावला, तर आठ वर्षांच्या पोरीची पाठ वाकवली जाईल. आणि स्थिरतेला, श्वासाच्या संथपणाला, आसनात शिरण्याच्या व बाहेर येण्याच्या सौम्यतेला दर लावला, तर तेही पिकेल. निवड आपली आहे.

अवघडपणाला आकडा देणे हेही नवे नाही. पुण्याला १९३७ साली येऊन स्थायिक झालेले बी. के. एस. अय्यंगार ह्यांनी १९६६ साली ‘लाइट ऑन योगा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक आसनापुढे आकडा आहे. सर्वांत सोप्याला १, सर्वांत अवघडाला ६०. ताडासन, म्हणजे नुसते नीट उभे राहणे, हे १; तिरियंग-मुखोत्तानासन, म्हणजे उभ्याने मागे वाकून स्वतःचे घोटे धरणे, हे ६०. पण त्याच ग्रंथाच्या शेवटी अभ्यासक्रम दिला आहे, तो तीनशे आठवड्यांचा, म्हणजे जवळजवळ सहा वर्षांचा. तेथे ६० हा आकडा साधकाला ‘अजून थांब’ म्हणून सांगतो. स्पर्धेच्या गुणपत्रकात गेलेला तोच आकडा ‘लवकर कर’ म्हणून सांगू लागतो. आकडा तोच, पण एका ठिकाणी तो धीर शिकवतो, दुसऱ्या ठिकाणी घाई.

ही घाई कोठे नेते, ते पाहण्यासाठी योगासनांचे थोरले भावंड पाहावे. ते म्हणजे जिम्नॅस्टिक्स. १९७६ साली माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये रुमानियाच्या नादिया कोमानेचीला दहापैकी दहा गुण मिळाले. फलकावर १०.०० दाखवण्याची सोयच नव्हती, म्हणून १.०० असा आकडा झळकला. ती तेव्हा १४ वर्षांची होती. त्यानंतर जगभर लहान मुलींची रीघ लागली. अखेर १९९७ पासून मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी मुलींना किमान १६ वर्षांची अट आली. गुणांच्या पद्धतीवरही वाद झडले, आणि २००६ साली दहाची कमाल मर्यादा मोडून अवघडपणाचे गुण वेगळे व सफाईचे वेगळे अशी रीत आली. अवघडपणाला वर छत राहिले नाही. योगासनांनी त्यांच्याकडून अवघडपणाचे कोष्टक तर घेतले. आता वयाचा धडाही घ्यावा. तो धडा त्यांनी एका पिढीच्या हाडांची किंमत देऊन विकत घेतला आहे. आपल्याला तो फुकट मिळतो आहे.

वैद्यकातली एक गोष्ट सांगतो. कोणत्याही अस्थितज्ज्ञाला विचारून खात्री करून घ्या. वाढत्या वयात पाठ पुन्हा पुन्हा फार मागे वाकवली, तर कमरेच्या मणक्याच्या मागल्या बाजूच्या हाडात बारीक चीर जाऊ शकते. जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुलांत हे दुखणे चांगले परिचयाचे आहे. हाडाला हे कळत नाही की आपण जिम्नॅस्टिक्ससाठी वाकतो आहोत की चक्रासनासाठी. दुसरी गोष्ट अशी की, काही मुलांचे सांधे जन्मतःच सैल असतात. त्यांना खोल वाक सहज जमतो, पदके मिळतात, आणि शिक्षकाला वाटते की ही साधना फळली. शेजारच्या चटईवरचे ताठ अंगाचे पोर वर्षभर घाम गाळून चार बोटे अधिक वाकते. त्या चार बोटांना गुणपत्रकात रकाना नसतो. योगाच्या दृष्टीने जास्त वाटचाल कोणी केली? मी न्याय देत नाही. आपण घरी जाऊन विचार करावा.

आता परीक्षकांविषयी आणि संघटनांविषयी. ह्या बाबतीत आमच्या चळवळीचा अनुभव उपयोगी पडावा. मुंबईच्या गिरण्यांत १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच संघटनेला प्रातिनिधिक म्हणून मान्यता मिळे, आणि कामगारांचे मन दुसरीकडे असले तरी वाटाघाटीचा हक्क तिचाच राही. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या गिरणी संपाच्या मुळाशी जी खदखद होती, तिच्यात हेही एक कारण होते. खेळांतही सरकार एकाच महासंघाला मान्यता देते. योगासनांच्या स्पर्धा भरवणाऱ्या संघटना आधी कितीतरी वर्षे होत्या. २०२० साली मान्यता मिळाली ती नव्या राष्ट्रीय महासंघाला. एकच मान्यता असावी हे मी समजू शकतो, नाहीतर गल्लोगल्ली ‘राष्ट्रीय विजेते’ निपजतील. पण मान्यता एकट्याला दिली की जबाबदारी दुप्पट होते. ज्या मुलाने जुन्या संघटनेच्या चटईवर दहा वर्षे घातली, त्याच्या प्रमाणपत्राचे काय? ह्याचे उत्तर त्याला कोणी तरी समोर बसवून दिले पाहिजे. मान्यता मिळवणाऱ्याने ती मालकी समजू नये, विश्वस्तपण समजावे.

परीक्षक हा माणूस आहे. लहान खेळात शिकवणारे थोडे, परीक्षा घेणारेही तेच. मामा परीक्षक आणि भाचा स्पर्धक, असा देखावा कोणत्याही छोट्या खेळात घडू शकतो, आणि मामा कितीही सच्चा असला तरी तिसऱ्या मुलाच्या आईला ते कसे पटावे? न्याय होऊन भागत नाही, तो झालेला दिसावाही लागतो. जिम्नॅस्टिक्समध्ये सर्वांत वरचे आणि सर्वांत खालचे गुण बाजूला ठेवून मधल्यांची सरासरी काढतात. ही रीत परीक्षकाचा अपमान करीत नाही. त्याला मोहापासून वाचवते.

माझ्या मागण्या आपल्यापुढे ठेवतो. मागण्यांशिवाय आम्हा लोकांचे भाषण पुरे होत नाही, त्याला इलाज नाही. पहिली : अवघडपणाच्या गुणांना वर छत असावे, आणि लहान वयाच्या गटांत ते छत आणखी खाली असावे. पाठीच्या कमाल वाकाची आसने पोरवयात गुणांसाठी मागूच नयेत. दुसरी : स्थिरता आणि सहजता ह्यांचा दर सर्वांत वर असावा. पतंजलींनी आसनाकडून ज्या दोन गोष्टी मागितल्या, त्या दोन्ही डोळ्यांनी दिसतात. अंग थरथरते की नाही, श्वास अडकला की वाहतो, चेहरा आखडला की मोकळा आहे, हे सारे समोर असते. म्हणजे शास्त्राला जे हवे तेच मोजणे शक्य आहे; कठीण आहे ते फक्त मनावर घेणे. तिसरी : ज्याचा विद्यार्थी चटईवर आहे, त्याने त्या गटात गुण देऊ नयेत. चौथी : प्रत्येक परीक्षकाचा आकडा आणि गुण कापल्याचे कारण स्पर्धकाला लेखी मिळावे. पगारपत्रकात कापलेल्या प्रत्येक रुपयाचे कारण लिहून देण्याची सक्ती आम्ही मालकावर केली. मग कापलेल्या गुणाचे कारण लेकराला का नको? पाचवी : दाद मागण्यासाठी फी असेल तर ती एवढी नसावी, की गरीब बापाने गप्प बसणे पसंत करावे.

आणि पालकांना एक विनंती. मुलगी घरी आली की ‘कितवी आलीस?’ हे जरूर विचारा. तो प्रश्न खोटा नाही, पोटाचा आहे. पण त्याच्या आधी ‘पाठ दुखते का?’ असे विचारा. आणि ती ‘हो’ म्हणाली, तर त्या आठवड्याची स्पर्धा सोडून द्या. स्पर्धा पुढल्या वर्षी पुन्हा येईल. मणका एकदाच मिळतो. तो तिला उद्या कारखान्यात, शेतात किंवा कचेरीत आयुष्यभर वापरायचा आहे.

स्पर्धा बंद करा, असे सांगायला मी आलेलो नाही. चटईने आमच्या वस्तीतल्या मुलांना सकाळी पाचला उठायला लावले, मोबाइल खाली ठेवायला लावला, स्वतःच्या देहाकडे आदराने पाहायला शिकवले. हे मी पाहतो आहे, आणि त्याबद्दल त्या शिक्षकांचा ऋणी आहे. माझे म्हणणे इतकेच की, तराजू ज्याच्या हाती आहे त्याने त्यात काय मावते आणि काय मावत नाही, हे दुकानाच्या दारावर लिहून ठेवावे. आसन तराजूत मावते, ते खुशाल तोला, प्रामाणिकपणे तोला. योग त्यात मावत नाही. तो ज्याचा त्याने, घरच्या सतरंजीवर, कोणी पाहत नसताना करायचा आहे, आणि त्याचा निकाल कोणत्याही फलकावर लागत नाही.